आटे पाडताना तेल कोणतं? ड्रिलपासून टॅपपर्यंत, पायरीपायरीने

टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, मोडला की पहिला दोष त्यालाच जातो: हलका होता, स्टील कच्चं होतं, पाणी (तापवून कडक करण्याची क्रिया) नीट दिलेलं नव्हतं. पण शेजारचा तेलाचा डबा उघडून बघितला तर त्यात बरेचदा इंजिन ऑइल असतं, तेही गाडीतून काढलेलं. ड्रिलला तेच, टॅपला तेच, जॉब, म्हणजे ज्यावर काम चाललंय तो तुकडा, लोखंडाचा असो, स्टेनलेसचा असो की ॲल्युमिनियमचा. बरेच टॅप या सवयीमुळे मोडतात.

ड्रिलला आणि टॅपला तेलाकडून वेगवेगळ्या गोष्टी हव्या असतात. ड्रिल वेगाने फिरतं, धारेवर उष्णता साठते आणि धार जळते, म्हणून त्याला आधी गारवा लागतो. टॅप हळू फिरतो, त्यामुळे तो क्वचितच तापून खराब होतो. पण त्याचे अनेक दात एकाच वेळी धातूत रुतलेले असतात, दोन्ही अंगांनी घासत असतात आणि कापलेला कीस त्याच अरुंद खोबणीत दाबला जात असतो. टॅप मोडतो तो पीळ वाढल्यामुळे. त्याला दाबाखाली टिकणारा निसरडा थर लागतो. म्हणून बऱ्याच जॉबवर ड्रिल झाल्यावर तेल बदलावं लागतं, आणि कोणत्या तेलावर जायचं ते धातू ठरवतो.

## पायरी १: धातू ओळखा

लोहचुंबक लावा. माइल्ड स्टील (एमएस, म्हणजे नेहमीचं लोखंड) आणि बीड दोन्ही चिकटतात. ३०४, ३१६ किंवा रेलिंगच्या पाइपात सर्रास मिळणारं २०२ स्टेनलेस चिकटत नाही, पण वाकवलेल्या किंवा ठोकलेल्या जागी किंचित ओढ जाणवते. ४१० आणि ४३० हे स्टेनलेसच असूनही व्यवस्थित चिकटतात. त्यामुळे "चिकटलं म्हणजे एमएस" एवढ्यावर थांबू नका.

मग कानशीने कडेला दोन हात मारा. बिडाची काळी पूड पडते आणि ती बोटाला काजळीसारखी लागते, कारण तिच्यात ग्रॅफाइट असतं. माइल्ड स्टीलचा कीस चमकदार आणि चिवट. स्टेनलेसवर कानस घसरल्यासारखी वाटते. ॲल्युमिनियम कानशीच्या दातांत भरून बसतं, आणि टॅपच्या दातांतही ते नेमकं हेच करतं.

धोका: भंगारातून आलेला हलका डायकास्ट (साच्यात दाबाने ओतलेला) भाग ॲल्युमिनियमचाच असेल असं धरू नका, तो मॅग्नेशियमचाही असू शकतो. कानशीने घासलेल्या जागी व्हिनेगरचा थेंब टाका. लगेच बुडबुडे आले तर मॅग्नेशियम समजा. त्याचा बारीक कीस पेट घेतो आणि पाण्याने ती आग आणखी भडकते. अशा जॉबवर पाण्याचं कूलंट, म्हणजे धार गार ठेवणारं द्रव, वापरायचं नाही आणि शेजारी ग्राइंडर चालू ठेवायचा नाही.

## पायरी २: भोक आरपार आहे की बंद?

यावर टॅप कोणता आणि तेल किती, हे दोन्ही ठरतं.

हाताने टॅप मारणार असाल तर तीन टॅपचा संच घ्या. पुष्कळ संचांत पहिल्या टॅपच्या दांड्यावर एक रिंग असते, दुसऱ्यावर दोन, आणि तिसऱ्यावर एकही नसते. मशीनवर आरपार भोकासाठी स्पायरल पॉइंट टॅप, म्हणजे आपला गन टॅप, कीस पुढे ढकलतो. बंद भोकासाठी स्पायरल फ्लूट टॅप कीस वर ओढतो. बंद भोकात गन टॅप घातला तर कीस तळाशी ठासून बसतो. मग कितीही महागडं तेल ओता, टॅप मोडणारच.

बंद भोक आट्यांच्या हव्या त्या लांबीपेक्षा निदान पाच पिच जास्त खोल पाडा (पिच म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर). एम ८ ला, म्हणजे ८ मिमी व्यासाच्या आट्यांना, पिच १.२५ मिमी, म्हणजे सव्वासहा मिलिमीटर जादा. टॅपचा निमुळता भाग आणि तळाशी पडणारा कीस, दोन्हींना जागा लागते.

रोल टॅप, म्हणजे फॉर्म टॅप, वापरत असाल तर पुढची सगळी गणितं बदलतात. तो धातू कापत नाही, दाबून आटे उठवतो. त्याला भोक मोठं लागतं (एम ६ ला साधारण ५.५) आणि तेल सगळ्यांत चांगलं लागतं. बिडात तो चालतच नाही.

## पायरी ३: भोकाचा साइज

टॅप घट्ट जातोय म्हणून तेल बदलत बसण्याआधी ड्रिल मोजा. साधा हिशेब: टॅपचा व्यास वजा पिच.

- एम ४ × ०.७: ३.३ मिमी
- एम ५ × ०.८: ४.२ मिमी
- एम ६ × १: ५.० मिमी
- एम ८ × १.२५: ६.८ मिमी
- एम १० × १.५: ८.५ मिमी
- एम १२ × १.७५: १०.२ मिमी

या साइजला आटे पूर्ण उंचीच्या साधारण ७५ टक्क्यांच्या आसपास भरतात. स्टेनलेससारख्या चिवट धातूत, आणि आट्यांची लांबी व्यासाच्या दीडपट किंवा जास्त असेल तर, ०.१ मिमी मोठं ड्रिल खुशाल घ्या. एम ८ ला ६.८ ऐवजी ६.९ घेतलं तर आटे सुमारे ६८ टक्के भरतात. तेवढ्या लांबीत साधा बोल्ट आटे निघायच्या आधी स्वतः तुटतो, आणि टॅपवरचा पीळ मात्र जाणवण्याइतका उतरतो.

तपासा: ड्रिलच्या दोन्ही धारा सारख्या आहेत का? हाताने घासलेल्या ड्रिलची एक धार लांब राहिली की भोक मोठं पडतं. एका भंगार तुकड्यात भोक पाडून व्हर्नियर लावा, मगच जॉबला हात घाला.

## पायरी ४: ड्रिलिंगचं तेल आणि स्पीड

स्पीड चुकला तर तेल वाचवत नाही. आरपीएम काढायला ३१८ ला कटिंग स्पीडने गुणा आणि ड्रिलच्या व्यासाने भागा. साध्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिलसाठी कटिंग स्पीड, म्हणजे धार धातूवरून सरकण्याचा वेग, मिनिटाला मीटरमध्ये असे धरा: माइल्ड स्टील २५, बीड २०, ॲल्युमिनियम ६०, ३०४ स्टेनलेस १०. म्हणजे ६.८ च्या ड्रिलला माइल्ड स्टीलमध्ये साधारण ११५० आरपीएम, आणि स्टेनलेसमध्ये फक्त ४५० च्या आसपास.

माइल्ड स्टील. पंप असेल तर सोल्युबल ऑइल, म्हणजे दुधी कूलंट, एकाला वीस या प्रमाणात. पंप नसेल तर कुप्पीने कटिंग ऑइल घाला आणि दर तीन-चार मिलिमीटरला ड्रिल वर काढून कीस मोडा.

कूलंट बनवताना पाण्यात तेल ओता, तेलात पाणी नाही. उलटं केलं की मिश्रण फाटतं, तेल वर तरंगतं आणि ड्रिलला निव्वळ पाणी मिळतं. बोअरचं पाणी फार जड असेल तर तवंग धरतो. अशा ठिकाणी आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी मिसळा. सुट्टीनंतर टाकी उघडल्यावर कुजका वास आला तर त्यात बॅक्टेरिया वाढलेत. वरून नवं तेल ओतून भागत नाही. टाकी रिकामी करून, तळातला गाळ खरवडून, धुऊन मगच भरा.

स्टेनलेस. सगळ्यांत जास्त ड्रिल आणि टॅप इथे जातात. ड्रिल धातूत शिरण्याऐवजी वर नुसतं घासत राहिलं की ती जागा कडक होते, मग पुढचं नवं ड्रिलही तिथे चालत नाही. म्हणून स्पीड कमी, दाब ठाम, आणि ड्रिल एकदा लागलं की कापत राहिलं पाहिजे. कोबाल्टचं, १३५ अंशाच्या स्प्लिट पॉइंटचं ड्रिल घ्या. कूलंट असेल तर घट्ट, एकाला दहा. हाताने काम असेल तर सल्फर आणि ईपी, म्हणजे एक्स्ट्रीम प्रेशर, घटक असलेलं नीट (neat, म्हणजे पाणी न मिसळता वापरायचं) कटिंग ऑइल. भोकाची जागा खुणावणारा पंचही हलका मारा, कारण जोरात मारलेल्या पंचाखालीच कडक ठिपका तयार होतो.

ॲल्युमिनियम. रॉकेल, त्यात थोडं हलकं मशीन ऑइल, किंवा डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे. इथे मुख्य काम धातूला धारेवर चिकटू न देण्याचं असतं. रॉकेलजवळ ग्राइंडरची ठिणगी येऊ देऊ नका.

बीड. कोरडं. त्यातलं ग्रॅफाइटच वंगणाचं काम करतं. तेल घातलं की पुडीचा लेप होतो आणि तो धारेवर पॉलिश पेपरसारखा घासतो. कोल्हापूरच्या फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर वाळूचं कडक कातडं राहिलेलं असेल तर आधी ते ग्राइंड करून काढा.

पितळ. कोरडं किंवा हलकं तेल. पितळेत ड्रिल स्वतःहून आत ओढलं जातं आणि जॉब फिरतो. ड्रिलच्या धारेची पुढची कड दगडावर किंचित सपाट करून घ्या आणि जॉब व्हाइसमध्ये आवळा.

धोका: फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे घालायचे नाहीत, वेस्टचा, म्हणजे पुसायच्या सुताचा, बोळा न्यायचा नाही, ब्रशसुद्धा मशीन बंद करूनच लावायचा. मोजा किंवा वेस्ट ड्रिलमध्ये गुंडाळली गेली की हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही.

## पायरी ५: मधली सफाई

ही पायरी सगळे गाळतात. ड्रिल झालं की काउंटरसिंकने भोकाच्या तोंडाला हलकं चॅम्फर, म्हणजे उतरती कड, द्या, आट्यांच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित मोठं. टॅप सरळ लागतो आणि पहिला आटा वर फुगत नाही.

मग ड्रिलिंगचं कूलंट आणि कीस भोकातून पूर्ण काढा. दुधी कूलंट भोकात राहिलं आणि त्यावर टॅपिंगचं नीट तेल घातलं, तर ते भिंतीला धरत नाही, पाण्यावर तरंगतं. आरपार भोकातून कापडाची वात ओढा. बंद भोकात लोहचुंबकी कांडी किंवा बारीक ब्रश घाला. हवा मारायचीच असेल तर चष्मा लावा आणि भोकावर कापड धरा. बंद भोकात मारलेली हवा तेल आणि कीस थेट डोळ्यांकडे परत पाठवते.

## पायरी ६: टॅपचं तेल निवडा

आधी इंजिन ऑइल का नको ते. ते बेअरिंगसाठी बनवलेलं असतं, जिथे दोन गुळगुळीत भागांमध्ये तेलाचा थर सतत भरला जातो. टॅपच्या दाताखाली तो थर पिळून बाहेर निघतो आणि धातूवर धातू घासतो. कटिंग ऑइलमधले सल्फरचे घटक दाताच्या टोकाशी होणाऱ्या उष्णतेने धातूशी संयोग पावतात आणि तिथेच एक सहज कातरला जाणारा थर धरतात, त्यामुळे ते दाबाखाली टिकतं. वापरलेलं इंजिन ऑइल तर हाताला लावूच नये. जळलेल्या इंधनातून त्यात कर्करोगकारक घटक उतरलेले असतात.

ग्रीसही नको. ते कीस धरून ठेवतं आणि खोबणी भरते.

आता धातूप्रमाणे:

- माइल्ड स्टील, कार्बन स्टील: सल्फरयुक्त नीट कटिंग ऑइल.
- स्टेनलेस: जास्त ईपी घटकांचं घट्ट टॅपिंग ऑइल किंवा टॅपिंग पेस्ट. उभ्या बाजूतल्या किंवा डोक्यावरच्या भोकात पेस्टच घ्या, तेल ओघळून जातं. स्प्रे इथे चालत नाहीत.
- ॲल्युमिनियम: ड्रिलला वापरलेलंच रॉकेल-तेल किंवा स्प्रे. इथे तेल बदलायची गरज नसते.
- बीड: कोरडं. भोक खोल असेल तर रॉकेलचे दोन थेंब, आणि टॅप वरचेवर काढून ब्रशने झटका.
- पितळ, तांबं: हलकं, न डागणारं तेल. ॲक्टिव्ह सल्फरच्या तेलाने दोन्ही काळी पडतात. पितळेला बरेचदा तेल न लावताही चालतं. तांबं मऊ आणि चिकट आहे, त्याला तेल हवंच.

डब्यावर "फॉर फेरस मेटल्स" (लोखंडी धातूंसाठी) एवढंच लिहिलं असेल तर ते पितळेला लावू नका. डबा सोल्युबलचा की नीट तेलाचा अशी शंका असेल तर एक थेंब पाण्यात टाका. पाणी दुधी झालं की सोल्युबल.

एकच डबा परवडणार असेल तर माझं मत स्पष्ट आहे: सल्फरयुक्त नीट कटिंग ऑइल घ्या. ॲल्युमिनियमसाठी रॉकेल वेगळं ठेवता येतं, बिडाला आणि पितळेला काही लागत नाही, आणि ज्या दोन धातूंत टॅप मोडतात ते दोन्ही या डब्यात येतात. अर्धा लिटर घरगुती कामाला खूप दिवस पुरतं, आणि त्याची किंमत चांगल्या टॅप संचापुढे काहीच नाही.

## पायरी ७: टॅप मारताना

एक जॉब सबंध बघू: १२ मिमी जाड ३०४ ची फ्लँज (पाइप जोडायची तबकडी), एम ८ चं आरपार भोक, हाताने टॅप.

१. भोक ६.९ चं, चॅम्फर दिलेलं, वात ओढून कोरडं केलेलं.

२. पहिल्या टॅपच्या दातांना ब्रशने तेल लावा, खोबणीतही जाऊ द्या. भोकाच्या भिंतीलाही ब्रश फिरवा. वरून ओतलेलं तेल आरपार भोकातून खाली सांडतं, दातापर्यंत पोचत नाही.

३. टॅप हँडल दोन्ही हातांनी सारखं दाबत दोन फेरे द्या. हँडल काढून काटकोन्या लावा, एकदा समोरून आणि एकदा बाजूने. तिरका असेल तर आत्ताच परत काढा. चार आटे गेल्यावर ओढून सरळ करायला जाल तर टॅप मोडेल.

४. आता दाब नको, फक्त फिरवा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे घेताना कीस तुटल्याचा बारीक "टक" हाताला जाणवतो. तो जाणवेपर्यंत मागे घ्या.

५. दर दोन फेऱ्यांनी खोबणीत तेलाचे थेंब. मागे घेतलेल्या पाव फेऱ्यात ते थेंब दाताच्या पुढ्यात शिरतात, म्हणून तेल त्याच वेळी घाला.

६. टॅप चिरकला तर तिथला थर फाटला आहे. जोर लावू नका. मागे घ्या, पूर्ण काढा, ब्रशने साफ करा, पुन्हा तेल लावून घाला.

७. हँडल फिरतंय पण टॅप फिरत नाही, रबरासारखं परत येतंय, असं वाटलं की लगेच थांबा. टॅप पिळला जातोय. थोडं पुढे-मागे हलवून सोडवा.

८. मग दुसरा आणि तिसरा टॅप, प्रत्येकाला नव्याने तेल लावून. पहिल्या दोघांनी आटे पूर्ण मापाचे होत नाहीत.

बंद भोकात एक फरक महत्त्वाचा. भोक तेलाने भरू नका. टॅप आत जातो तसं तेलाला बाहेर निघायला वाट राहत नाही, खाली दाब वाढतो आणि टॅप अडल्यासारखा वाटतो. तेल टॅपला लावा. मऊ धातूत दोन-तीन फेऱ्यांनी आणि स्टेनलेसमध्ये दर फेऱ्याला टॅप पूर्ण काढून कीस झटका. टॅपवर मार्करने खोलीची खूण करा, म्हणजे तळाला टेकलेला टॅप तुम्ही जोराने फिरवत बसणार नाही.

मशीनवरच्या गन टॅपला आणि स्पायरल फ्लूट टॅपला हे पुढे-मागे करायचं नसतं, ते एका दमात जाऊन परत येतात. त्यांना सुरुवातीलाच भरपूर तेल हवं.

तरीही मोडलाच तर? स्टीलच्या जॉबमधून मोडका टॅप साध्या ड्रिलने काढता येत नाही, तो ड्रिलइतकाच कडक असतो. वर दांडा दिसत असेल तर खोबणीत तारा घालणारा एक्स्ट्रॅक्टर, नाहीतर स्पार्क मशीनवाला (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणारं मशीन). लहान पितळी जॉब मात्र तुरटीच्या कडक द्रावणात बुडवून गरम ठेवला तर तुरटी स्टीलचा टॅप हळूहळू खाते आणि पितळेला फारसा धक्का लावत नाही. वेळ लागतो, पण जॉब वाचतो.

## पायरी ८: तेल काढा, मगच बोल्ट लावा

आट्यांत तेल तसंच ठेवून काम संपवू नका.

थ्रेड लॉकर, म्हणजे बोल्ट ढिला होऊ न देणारा गोंद, लावणार असाल तर तेलकट आट्यांवर तो धरत नाही. थिनर किंवा ब्रेक क्लीनरने धुऊन वाळवा. क्लोरीनयुक्त टॅपिंग फ्लुइड वापरलं असेल तर स्टेनलेसवर ते राहू देऊ नका, पुढे गंज आणि तडे यांना निमित्त मिळतं. दुधी कूलंट लागलेलं माइल्ड स्टील पुसून हलक्या तेलाचा हात फिरवा, नाहीतर पावसाळ्यात सकाळपर्यंत तांबूस होईल.

बंद भोकात तळाशी तेल उरलं आणि वरून बोल्ट पान्याने आवळला, तर ते तेल दाबलं जात नाही. बोल्ट पिस्टनसारखं काम करतो आणि बिडाचं कास्टिंग तडकू शकतं. बंद भोकात कापडाची वात तळापर्यंत घालून बघा. ती कोरडी बाहेर आली पाहिजे.

टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक पिळापर्यंत आवळणारा पाना, वापरत असाल तर आकडा कोरड्या आट्यांचा आहे की तेल लावलेल्या, ते बघून घ्या. तेलकट आट्यांवर त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.

आणि स्टेनलेसच्या आट्यांत स्टेनलेसचाच बोल्ट बसणार असेल तर धुऊन झाल्यावर अँटीसीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारी पेस्ट, लावा आणि बोल्ट सावकाश फिरवा. इम्पॅक्ट गनने आवळलेला कोरडा स्टेनलेस बोल्ट मध्येच जाम होतो, मग तो पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. कटिंग ऑइल हे काम करत नाही, त्यासाठी अँटीसीझच हवं.